साठ ग्रॅम भात

ही ऐकीव गोष्ट नाही. भिलाईत, कॅम्प-१ मध्ये, नरेशच्या दोन खोल्यांच्या घरात घडलेली आहे. मागच्या भाद्रपदात, मंगळवारी, भरदुपारी.

नरेश स्टील प्लांटमध्ये फर्स्ट शिफ्टला गेलेला. घरात त्याची बायको साक्षी एकटी. सासू शेवंताबाईंना जाऊन सव्वा महिना झाला होता.

साक्षी मोबाईलवर कॅलरी लिहायची, म्हणून रोज मोजूनच खायची. तिनं वजनकाट्यावर ताटली ठेवली, आकडा शून्य केला, भात वाढला.

आकडा आला... ६०.

तिनं अजून दोन डाव वाढले.

६०.

शितं ताटलीबाहेर सांडायला लागली. आकडा हलेना. तिनं सेल बदलले, पुन्हा वाढलं...

६०.

हा आकडा साक्षीच्या ओळखीचा होता.

शेवंताबाईंना शुगर होती. डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं, एका वेळी तांदूळ साठ ग्रॅम. म्हणजे कच्चे. साक्षी शिजलेला भात साठ ग्रॅम मोजून द्यायची. चार घासांत ताट कोरडं.

"बाई, येवढ्यानं मायं पोट नाही भरत वं."

"काट्यापेक्षा तुमाले जास्त समजते काय, आई?"

पंधरा दिवसांनी शेजारच्या दिपालीनं तो कागद वाचला. "वहिनी, हे कच्च्याचं माप आहे. शिजला का तिप्पट होते."

"राहू दे. शुगर उतरली ना."

आणि साक्षी तशीच मोजत राहिली. चार महिने. म्हातारी दिव्यातल्या वातीसारखी आतल्या आत सरत गेली. एका सकाळी उठलीच नाही.

काटा साठवर अडकला त्या दुपारी साक्षीनं अख्खा कुकर संपवला. पोटात मात्र काहीच गेलं नव्हतं.

तिनं दुसरा कुकर लावला. पहिला घास तोंडात घातला...

पाठीमागे कोणीतरी चावायला लागलं.

सावकाश. बिनदातांच्या हिरड्यांनी.

ती वळली. कोणी नाही. चावणं थांबलं.

दुसरा घास घेतला... पुन्हा सुरू.

तीन वाजता नरेश आला. त्यानं काटा तपासला. पीठ, बटाटे, सगळ्याचं वजन बरोबर. फक्त साक्षीचं ताट साठ. त्यानं काटा नालीत फेकला.

उपयोग झाला नाही. साक्षी खात राहिली अन् झिजत राहिली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. दिवाळीपर्यंत ती अडतीस किलोवर आली. तिची आई बेबीताई तिला माहेरी, अहिवाऱ्याला घेऊन गेली. तिथंही ती दिवसभर एकच बोलते, "माय, भूक लागून राहिली."

नरेशनं एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नव्हती. जिवंत असताना शेवंताबाई त्यालाही म्हणाली होती, "नरेश, मले भूक लागते रे, बापा."

तो मोबाईल पाहत होता. "साक्षीले सांग," म्हणाला.

मागच्या आठवड्यात कँटीनमध्ये तो डबा खात होता. सोबतचा देवानंद हसला, "काबे, दोन-दोन डबे खाऊन राहिला, अन् पँट उतरून राहिली तुही."

नरेश हसला नाही. घास तोंडातच थांबला होता.

त्याचा जबडा हलत नव्हता...

आणि कानापाशी कोणीतरी, अगदी सावकाश, चावत होतं.