गर्दीतल्या माणसाचा चेहरा

कोल्हापूरच्या न्यायरेखा प्रयोगशाळेत खुर्च्या चांगल्या होत्या, पण श्रीपती हुपरीकर बसायला तयार नव्हते. सारी हयात वर्तमानपत्रांतून व्यंगचित्रं काढण्यात गेलेला हा माणूस. आठवड्यापूर्वी त्यांचा जिवलग मित्र दिनकर बुधले सकाळी रंकाळ्यावर फिरताना एका करड्या गाडीखाली सापडून गेला, आणि तेही श्रीपतींच्या डोळ्यांदेखत. चालकाने खाली उतरून पडलेल्या माणसाकडे पाहिलं आणि तो सरळ गाडी काढून पळाला. धुकं दाट होतं, नंबर दिसला नाही. चेहरा मात्र आपण पाहिलाय, असं श्रीपतींनी पोलिसांना ठणकावून सांगितलं आणि त्याच दिवशी टॅबलेटवर चित्र काढून दिलं. आता त्यांना तो हलकट माणूस गजाआड हवा होता. त्याशिवाय दिनकरच्या बायकोला तोंड दाखवायची त्यांची हिंमत नव्हती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. यास्मिन मुजावर यांनी त्यांना कसंबसं बसवलं. शेजारी इन्स्पेक्टर घोरपडे चहा पीत होते. चित्रावरून खरा चेहरा शोधणाऱ्या इथल्या यंत्रावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. मोठ्या नाकाची चित्रं काढणाऱ्या माणसाच्या चित्रावरून कुणाला पकडायचं म्हणजे शहरातले सगळे नाकवाले उचलावे लागतील, असं ते मघाशीच म्हणाले होते.

"तीच तर गंमत आहे," यास्मिन म्हणाल्या. "व्यंगचित्रकार चेहरा काढत नाही, फरक काढतो. समोरचा माणूस सर्वसाधारण चेहऱ्यापेक्षा जिथे वेगळा असतो, तेवढंच हा फुगवतो. किती फुगवतो, ते प्रत्येकाचं ठरलेलं असतं. त्याला आम्ही अतिशयांक म्हणतो. तो कळला की फुगवलेलं परत खाली बसवता येतं आणि मूळ चेहरा मिळतो. हे उलटरेखन."

घोरपड्यांनी विचारलं, सर्वसाधारण चेहरा म्हणजे कुणाचा?

खरी मेख तिथेच होती. असा चेहरा पुस्तकात नसतो, तो ज्याच्या त्याच्या डोक्यात असतो. माणूस आयुष्यभर जे चेहरे बघतो त्यांची सरासरी मेंदू गुपचूप काढत असतो, आणि सगळ्यात जास्त वजन घरातल्या चेहऱ्यांना. त्याला यास्मिन गृहमुख म्हणत. श्रीपतींचं गृहमुख काढणं सोपं गेलं, कारण त्यांची सगळी चित्रं 'रेषामित्र'वर होती आणि तिथला साठा प्रयोगशाळेला खुला होता.

हे रेषामित्र म्हणजे चित्रकारांसाठीचं ऑनलाइन साधन. फुकट मिळतं, म्हणून महाराष्ट्रातले झाडून सगळे व्यंगचित्रकार त्यावर पडीक असतात. थरथरत्या हाताची रेघ ते सरळ करून देतं, हवा तो कुंचला देतं, आणि कुणाचाही फोटो टाकला की त्या चेहऱ्यातलं पकडण्यासारखं काय ते दाखवतं. श्रीपती आधी या प्रकाराला शिव्या घालायचे. शाई आणि निबशिवाय चित्र म्हणजे पाण्याशिवाय आंघोळ, असं म्हणायचे. मग हात कापायला लागला, तेव्हा मुलाने, मकरंदने, टॅबलेट आणून दिला, शेजारी बसून शिकवलं, जुनी कात्रणंसुद्धा एकेक करून त्यावर चढवली. तेव्हापासून म्हाताऱ्याला त्याच्याशिवाय करमेना. 'मान्य' या बटणावर बोट ठेवताना आपण काय मान्य केलं, ते त्या दोघांनीही वाचलं नव्हतं.

यास्मिननी श्रीपतींचं चित्र यंत्रात घातलं. पडद्यावर आधी ते चित्र आलं: गोल डोकं, साधं नाक, मिटलेलं तोंड. मग रेषा हळूहळू भरत गेल्या, कातडी आली, भुवया आल्या. हनुवटी किंचित पुढे, डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली. श्रीपतींचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला.

वाहन परवान्यांच्या फोटोंशी ताडून पाहायला यंत्राला फार वेळ लागला नाही. जुळलेलं नाव पडद्यावर आलं तेव्हा घोरपड्यांनी कप खाली ठेवला. मकरंद श्रीपती हुपरीकर. गाडी करडी.

श्रीपती खुर्चीतून उठले. हे शक्यच नाही, यंत्र बिघडलंय, असं ते दोन-तीनदा म्हणाले. मकरंद त्या सकाळी कुठे होता, असं घोरपड्यांनी शांतपणे विचारलं. कामासाठी पहाटेच बाहेर पडला होता, हे खरं सांगण्यावाचून श्रीपतींना गत्यंतर नव्हतं. घोरपडे फोन करायला बाहेर गेले.

मग श्रीपतींनी आपलंच चित्र जवळ घेऊन नीट पाहिलं. चित्रातला माणूस त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. सभेचं चित्र काढायचं, मोर्चाचं काढायचं, मागे डोक्यांची रांग लागते. त्या डोक्यांकडे कुणी बघत नाही आणि काढणारा विचारही करत नाही. हात आपला चालत राहतो. प्रत्येक व्यंगचित्रकाराचा असा एक जागा भरायचा, भरतीचा माणूस असतो. त्या सकाळी श्रीपती दिनकरकडे बघत होते, रस्त्यावर आडव्या पडलेल्या दिनकरकडे. पण चेहऱ्यांचा बादशहा म्हणवून घेणाऱ्याने पोलिसांसमोर 'दिसला नाही' कसं म्हणायचं? हातात टॅबलेट होता आणि हात चालला.

"मी त्याला पाहिलंच नाही हो," ते यास्मिनना म्हणाले. "मी गर्दीतला माणूस काढून दिला."

यास्मिन बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी लगेच रेषामित्रवरून श्रीपतींची जुनी चित्रं उतरवली, मागच्या रांगेतली डोकी निवडली आणि एकेक यंत्रात घातली. पाण्यासाठीच्या मोर्चातला माणूस मकरंद निघाला. रेशनच्या रांगेतला मकरंद निघाला. कुस्तीच्या मैदानातला प्रेक्षकही मकरंदच. जिथे फरकच काढलेला नाही तिथे उलट काय करणार? यंत्राच्या हाती राहत होतं ते नुसतं गृहमुख, आणि श्रीपतींच्या घरातल्या सगळ्या चेहऱ्यांची सरासरी मकरंदच्या तोंडावर नेमकी उतरली होती. श्रीपतींचा जीव भांड्यात पडला. सुटला पोरगा, ते म्हणाले, आता हे साहेबांना दाखवा.

यास्मिननी मात्र पडद्यावरची डोकी पुन्हा एकदा चाळली.

"सर, ज्याने काहीच पाहिलं नाही, तो असंच चित्र काढेल," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि ज्याने स्वतःच्या मुलाला पाहिलं, तोही असंच काढेल. घरच्या माणसाच्या चेहऱ्यात त्याला फरक दिसणारच नाही. यंत्राला दोन्ही सारखंच शून्य. यातलं खरं कोणतं, ते फक्त तुम्हाला ठाऊक."

घोरपडे आत आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाव निघाल्यावर बाप साक्ष फिरवणारच, ते म्हणाले. कोर्टातही हेच म्हणतील.

मकरंदला दुपारी आणलं. आपल्याला का आणलंय ते त्याला वाटेत कळलं होतं, आणि तो चिडलेला दिसत नव्हता, नुसता गोंधळलेला होता. श्रीपती त्याच्याजवळ गेले. त्यांना म्हणायचं होतं, घाबरू नकोस, मी सांगतो सगळं. त्यांनी मनात पुन्हा ती सकाळ आणली. धुकं, करडी गाडी, उघडलेलं दार. उतरणाऱ्या माणसाच्या मानेवर आठवडाभर काहीच नव्हतं. आता तिथे चेहरा होता, हनुवटी किंचित पुढे, डावी पापणी जराशी खाली. यंत्राने तो तिथे आणून बसवला, की तो पहिल्यापासूनच तिथे होता, हे त्यांना काही केल्या कळेना.

"अण्णा, तुम्ही सांगा ना यांना," मकरंद म्हणाला. "तो मी नव्हतो म्हणून सांगा."

श्रीपतींनी तोंड उघडलं.

"मक्या," ते म्हणाले, "त्या सकाळी तू कुठल्या रस्त्याने गेला होतास रे?"

मकरंदने मान फिरवली आणि घोरपड्यांना, चला, एवढंच म्हणाला.