पांघरुणाखालचे नऊ हजार किलोमीटर

गुन्हा कबूल झाला होता. कबूल करणारा ड्रायव्हर गॅरेजच्या दारात मान खाली घालून उभा होता. आणि तरीही अशील, या घरातली मुलगी, म्हणत होती, "काकांनी हे केलेलं नाही. खरं काय ते तुम्ही शोधून काढा."

चौकशीची कामं घेणाऱ्या चिमटाबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेपाचला लेकीचं पाळणाघर बंद होणार होतं. हातात अडीच तास होते. एकदा धरलं की सोडत नाहीत म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. सोबत त्यांचे सख्खे मामा होते, निवृत्त मेकॅनिक. इंजिनाच्या आवाजावरून मामांना त्याचा रोग कळे. माणसांच्या बाबतीत मात्र आनंद होता.

"पहिल्यापासून सांगा," बाई म्हणाल्या.

मुलीनं समोरच्या गाडीकडे हात केला. अठरा वर्षांची थोराड गाडी. आत चामड्याच्या सीटा, लाकडी पट्ट्या, आणि बाहेर नदीनाले तुडवणारी चाकं.

"ही बाबांची. ते रस्ते आखणारे इंजिनिअर. ही ते स्वतःच चालवायचे, काका घरची छोटी गाडी. महिना महिना डोंगरात असायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, हातात काठी आली. तेव्हा गाडीचं शेवटचं सर्व्हिसिंग करून हिच्यावर कापड घातलं. तीन महिन्यांपूर्वी बाबा गेले. आता दादाला गाडी विकायचीय, म्हणून किंमत करायला घेतली, तर..."

"तर मीटर सर्व्हिसिंगच्या पावतीपेक्षा नऊ हजार किलोमीटर पुढे!" दादा मध्येच म्हणाला. सहा फूट उंच, कपाळावर आठ्या. "गेटाबाहेर न गेलेली गाडी! काकांना विचारलं, तर म्हणाले, मीच नेत होतो, मित्रांना घेऊन. वीस वर्षांचा विश्वास! आज संध्याकाळी त्यांचा हिशोब संपवतोय. आणि पुढे कुणी चौकशी केली तर खरं तेच सांगणार."

"म्हणजे या वयात त्यांना कुठे काम मिळायला नको," मुलगी म्हणाली. "मला शाळेत यांनी सोडलंय हो. वाटेत माझी वेणी सुटली तर गाडी थांबवून बांधून द्यायचे. वाकडी बांधायचे, पण बांधायचे."

काका दारातूनच म्हणाले, "ताई, जाऊ दे. चूक माझी आहे. फक्त वहिनींना यातलं काही सांगू नका."

वहिनी म्हणजे या दोघांची आई. वडील गेल्यापासून ती मावशीकडे राहत होती. दुपारनंतर परत येणार होती.

"मामा, गाडी बघा," बाई म्हणाल्या.

मामा गाडीखाली शिरले. आतून आवाज आला, "इंजिन ठणठणीत. अजून दहा वर्षं मरत नाही. पण खाली सगळीकडे पांढरा गाळ चिकटलाय. पाण्यातून गेलीय गाडी, आणि बऱ्याचदा."

"वरून तर आरशासारखी चमकतेय."

"कुणीतरी धुतलीय. पण खालून धुवायला माझ्यासारखं लोळावं लागतं, ते कोण करतंय!"

बाईंनी मागचं दार उघडलं. मागच्या सीटचे पट्टे ओढून पाहिले. पट्टे करकरत बाहेर आले. घडीवर धुळीची सरळ रेघ होती. मग त्या पुढे डाव्या बाजूला वाकल्या. पायाखालच्या रबरी चटईत रुपयाएवढा गोल खळगा पडला होता.

"उंदरानं कुरतडलंय," मामांनी निकाल दिला. "आता मला जरा आत बसू दे, कंबर धरली."

मामा स्टिअरिंगमागे बसले. दाराशेजारी एक, दोन, तीन अशी बटणं होती. बाईंनी एक दाबलं. सीट गुरगुरत पार मागे गेली.

"बाबांची जागा," मुलगी हळूच म्हणाली. "बटण दाबलं की ज्याची त्याची जागा सीटला आठवते."

बाईंनी दोन दाबलं. सीट वर उचलली गेली आणि पुढे सरकू लागली. मामांचं पोट स्टिअरिंगला टेकलं तरी थांबेना.

"अगं ए! चेंगरेन ना मी! भाचीच्या हातून मरण लिहिलंय का माझं?"

मुलगी आल्यापासून पहिल्यांदा हसली. बाईंनी तीन दाबलं. काहीच झालं नाही. मग त्या दादाकडे वळल्या.

"घरात आणखी कोण गाडी चालवतं?"

"मी आणि ही. दोघं दुसऱ्या गावात असतो, रविवारी यायचो. आई स्टिअरिंगला हातही लावत नाही."

"उंचीला तुम्ही सगळे असेच?"

"ताडमाड," मुलगी म्हणाली. "आई सोडून. ती बिचारी प्रत्येक फोटोत टाचा वर करून उभी असते."

"काकांना सुट्टी कधी?"

"बुधवारी. त्या दिवशी आईबाबा विश्रांती घ्यायचे. फोनसुद्धा बंद ठेवायचे."

काका अस्वस्थ झाले. बाईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली. काकांनी आधी सीट मागे घेतली, मगच त्यांचे पाय आत मावले.

"मागच्या आवारात मातीचा ढीग आहे. त्यावरून गाडी पलीकडे न्या."

काकांनी गाडी जोरात ढिगावर घातली. चाकं जागच्या जागी फिरली, माती उडाली. दुसऱ्यांदा तेच.

"अहो, चढाचा लो गिअर टाका की!" मामा ओरडले.

काकांचा हात खटक्यांवरून चाचपडत फिरला. भलताच खटका दाबला गेला आणि गाडीचे वायपर सुरू झाले.

"पुरे," बाई म्हणाल्या. "उतरा काका. तुम्ही खोटं बोलताय, आणि तेही तुम्हाला नीट जमत नाही."

गाडी परत गॅरेजमध्ये लावून सगळे तिथे जमले. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची स्त्री पिशवी घेऊन आत आली आणि गाडीवरचं कापड काढलेलं पाहून जागीच थबकली.

"बसा, आई," बाई म्हणाल्या. "तुम्ही आलात ते बरं झालं. ड्रायव्हरकाकांनी गाडी चोरून वापरल्याचं कबूल केलंय. त्यांची नोकरी चाललीय."

"काय?" आईच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. मित्रांना घेऊन गाडी नऊ हजार किलोमीटर फिरली असती, तर मागचे पट्टे कुणीतरी वापरले असते. त्यांच्यावर धूळ आहे. म्हणजे गाडीत दोघंच असायची, पुढे. शेजारी बसणाऱ्याच्या चटईत खळगा आहे. उंदीर इतका गोल कुरतडत नाही, मामा. तिथे प्रत्येक वेळी काठी टेकवलेली असायची."

"बाबा?" मुलगी पुटपुटली.

"मग चालवणारं कोण? गाडी पांढऱ्या गाळातून, पाण्यातून गेलीय. चालवणाऱ्याला लो गिअर झोपेतही सापडला असता. काकांना तो सापडत नाही. शिवाय दोन नंबरच्या बटणानं सीट इतकी पुढे येते, की तिथे काका मावत नाहीत, तुम्ही दोघं मावत नाही, मामा तर नाहीच नाही. तिथे मावेल असं या घरात एकच माणूस आहे. पावणेदोन वर्षांत नव्वदेक बुधवार. दर बुधवारी शंभर किलोमीटर. काका गुरुवारी यायचे, चिखल पाहायचे आणि मुकाट्यानं गाडी धुवायचे."

दादा आईकडे पाहतच राहिला. "तू? तू गाडी चालवतेस?"

"लायसन्स आहे माझं," आई जरा तोऱ्यात म्हणाली. मग तिचा चेहरा विरघळला. "तीस वर्षं हे डोंगरात. पत्रं यायची. आज इथे मुक्काम आहे, समोर तळं आहे, पलीकडे पांढरा काठ. तुमचे डबे भरता भरता ते तळं मी किती वेळा पाहिलं असेल! गुडघे गेल्यावर हे म्हणाले, तुला दाखवायचं राहूनच गेलं. मी म्हटलं, शिकवा मला. मी नेते तुम्हाला."

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"किल्ल्या काढून घेतल्या असत्यात. घेतल्या असत्यात की नाही?"

दादानं आईची पिशवी उचलून कडेला ठेवली.

"तिथे काय करायचात गं?" मुलीनं विचारलं.

"काही नाही. थर्मासमधला चहा प्यायचो. हे काठीनं दाखवायचे, इथे तंबू होता, त्या दगडावर बसून तुला लिहायचो. मग मी त्या दगडावर बसायचे." तिनं पदरानं डोळे टिपले. "हे गेल्यावर कापड काढायचंही धाडस झालं नाही. शेजारी कुणी नसताना तिथवर जायचं कसं?"

मग ती काकांकडे वळली. "आणि तुम्ही! माझ्यासाठी चोर व्हायला निघालात?"

"साहेबांना शब्द दिला होता, वहिनी."

दादा पुढे झाला. "काका, मी... मला माफ करा. तुम्ही कुठेही जायचं नाही."

"असू दे रे. लहानपणीही तू आधी ओरडायचास आणि मग ऐकायचास."

बाईंनी घड्याळ पाहून पर्स उचलली. मामा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "मग विकायच्या कागदावर किंमत काय लिहू?"

"काही लिहू नका," दादा म्हणाला.

आईनं काकांना विचारलं, "तुम्ही ते तळं पाहिलंय का हो?"

"नाही वहिनी. मी फक्त त्याचा चिखल धुतलाय."

"मग बसा. उजेड आहे तोवर पोचू."

काका सवयीनं उजवीकडे गेले. पण तिथे आई चढून बसलीसुद्धा होती. ते मागे फिरले, डाव्या बाजूनं आत बसले, गुडघे जुळवून, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

गाडी फाटकातून बाहेर पडली. वीस वर्षांत पहिल्यांदाच काका खिडकीतून बाहेर बघत होते.