वाक्यात उपयोग

मालनबाई निवृत्त झाल्या, तरी त्यांच्या हातचा खडू काही सुटला नाही. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीलगतच्या कोळीवाड्यात बर्फाच्या गोदामावर एक खोली होती. तिथं रोज चार वाजता बारा मुलं चटईवर बसत. गणित संपलं की बाई जुन्या बोलीतला एखादा वाक्प्रचार शिकवत. ती बोली आता एकट्या राधाआजीच्या तोंडी उरली होती, आणि आजी नव्वदीला टेकलेली.

“भाषा कपाटात ठेवली की तिला वाळवी लागते,” बाई मुलांना सांगत. “रोज वापरायची.”

आजीनं वर्षभरात चाळीसएक बोल दिले. एक मात्र ती टाळत राहिली. बाईंनी फारच धोशा लावला तेव्हा मान खाली घालून पुटपुटली, “त्याच्या जागी पाणी बसलं.” समुद्रावर गेलेला माणूस परतला नाही, तरी घरचे त्याचा पाट रोज मांडत. आशा संपली की हे शब्द बोलत आणि पाट उचलून ठेवत. बाईंनी वहीत अर्थ लिहिला : कायमचे अंतरणे. आजी आणखी काही सांगणार होती, पण चार वाजायला आले होते.

वर्गात बाईंनी नेहमीचंच केलं. अर्थ सांगितला आणि म्हणाल्या, “आता वाक्यात उपयोग करा.”

निधीचा हात पहिला वर. “सिद्धेश जुहूला भेळ खायला गेला आणि त्याच्या जागी पाणी बसलं!”

सिद्धेश त्या दिवशी खरंच मामाबरोबर जुहूला गेला होता. वर्ग खिदळला. बाईही हसल्या. वाक्य फळ्यावर लिहून त्यांनी सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धेशच्या जागेवरची चटई ओली होती. मांडी घालून बसलेल्या मुलाएवढी ओल, कडा अगदी नीट. बाईंनी छताकडे पाहिलं. कोरडं. बर्फ खालच्या मजल्यावर वितळत होता, आणि पाणी काही जिना चढत नाही. त्यांनी फडकं फिरवलं. फडक्याला खाडीचा वास आला. पाढे संपेपर्यंत ओल पुन्हा जागेवर होती.

“सरकून बस रे,” त्या सिद्धेशला म्हणाल्या.

तो भिंतीशी सरकला. निधीनं वह्या वाटल्या, तेव्हा त्याची वही ओलीवर ठेवली.

“ए, मी इकडे बसलोय ना! दिसत नाय काय?”

निधीनं वर पाहिलंच नाही.

“निधी, पुरे झाली थट्टा.”

“कसली थट्टा, बाई?” तिला खरंच कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सहा वाजता सिद्धेशची आई आली. दारातूनच तिनं चटईवरच्या ओलीकडे हात पुढे केला. “चल रे बाबू, उशीर झाला.” मग कुणाचं तरी बोट धरल्यासारखी मूठ मिटून ती जिना उतरली. तिच्या शेजारी पायरीपायरीवर ओले ठसे उमटत गेले. लहान पावलांचे.

“आई!” सिद्धेश ओरडला.

ती वळली नाही.

बाई त्याचा हात धरून राधाआजीकडे धावल्या. हात गार पडला होता.

आजीनं मुलाकडे नीट पाहिलं. “जित्याचं नाव घातलंस, मास्तरीण?”

“मीच म्हणवून घेतलं. पुसून टाकते आत्ता.”

“फळा पुसशील गो. बसलेलं पाणी उठत नाय. दुसरी जागा दाखवली तर सरकतं.”

“कुणाची जागा?”



बाई त्याला घेऊन परत वर आल्या. फळ्यावरचं वाक्य अजून तसंच होतं. त्यांनी सिद्धेशचं नाव पुसलं, जुहू पुसलं, भेळ पुसली. मोकळ्या जागेत आपलं नाव लिहिलं, ‘त्याच्या’चं ‘तिच्या’ केलं, मुलांना गिरवायला द्यावं अशा वळणदार अक्षरात. मग वाक्य मोठ्यानं वाचलं.

तीनदा.

चटईवरची ओल आक्रसत गेली. जिन्यावर धावती पावलं वाजली.

“अगो बाय, तुला विसरूनच गेले की रे!” आईनं सिद्धेशला पोटाशी धरलं. ओला तळवा ती पदराला पुसत होती. त्याला घेऊन ती निघाली. बाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांचा निरोप घ्यायचं मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी बाईंना दोन मिनिटं उशीर झाला. जिन्यातच मुलांचा गलका ऐकू आला. त्यात सिद्धेशचा आवाज सगळ्यांत मोठा. बाईंना बरं वाटलं. दारात वाकून त्या चपला काढू लागल्या.

आत एकदम शांत झालं.

बारा मुलं उठून उभी राहिली, बाईंच्या खुर्चीकडे तोंड करून.

“नमस्ते, बाई.”

खुर्चीतून एक थेंब फरशीवर पडला. मुलं खाली बसली.