डिंकाची शेवटची पायरी

दार उघडताच बाईने पाणीसुद्धा मागितलं नाही. "संध्याकाळी मला चोर ठरवून हाकलणार आहेत," ती म्हणाली, आणि मावशींनी चपला पायात सरकवल्या. मावशी खासगी हेर. पन्नाशीचा भाचा त्यांचा मदतनीस, म्हणजे बहुतेक वेळा पिशवी धरणारा.

बाई एका बड्या विदेशी कंपनीत संशोधक होती. लाकूड चिकटवायच्या डिंकाचं संशोधन कंपनीने देशोदेशी वाटून दिलं होतं. मुख्य केंद्र तेवढं बर्फाळ देशात, बाकीची उष्ण देशांत. मूळ मिश्रण सगळीकडे एकच. शेवटची पायरी प्रत्येक केंद्राने आपापल्या हवेप्रमाणे करायची, आणि ती दुसऱ्या केंद्राला कळू द्यायची नाही. आता इथल्याच एका कारखान्याने तसाच डिंक बाजारात आणला होता. तो माल इथेच विकायचा. मुख्य केंद्रातून संचालक आले, ते या बाईकडे बोट दाखवतच.

प्रयोगशाळेत घामाच्या धारा लागल्या होत्या. प्रयोगशाळेचा प्रमुख इतका चाचरत होता, की भाच्याने मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या. पण मावशींनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्याला भीती होती ती प्रयोगशाळाच बंद होण्याची.

संचालक खुर्चीतून हललेच नाहीत. तिकडून काही फुटणं शक्यच नाही, असं ते म्हणाले.

"आमची शेवटची पायरी मी स्वतःच्या हाताने करतो. माझ्या माणसांनाही ती ठाऊक नाही. फुटतं ते अशा ठिकाणी." 'अशा' म्हणताना त्यांनी नाक मुरडलं.

बाईच्या कपाळावरची शीर उडाली. मावशी मात्र त्या कारखान्याचा डबा मागून मोकळ्या झाल्या. त्यातल्या डिंकाने दोन फळ्या चिकटवून त्यांनी खिडकीतल्या उन्हात ठेवल्या. त्याच डिंकाची एक वाटी आणि बाईच्या डिंकाची एक वाटी फ्रीझरमध्ये गेली. मावशींना ऊन लागलं की काय, अशी शंका भाच्याला आली.

संध्याकाळी सगळे टेबलाशी जमले. मावशींनी वरची फळी उचलली. खालची घसरून धाडकन पडली.

"बाईंनी शेवटची पायरी बसवली ती उन्हासाठीच. त्यांचा डिंक चोरला असता, तर ही फळी पडली नसती."

मग वाट्या आल्या. बाईचा डिंक दगड झाला होता. कारखान्याच्या डिंकात चमचा सहज फिरला.

"इथे बर्फ कुणी पाहिलाय?" मावशी म्हणाल्या. "इथेच माल विकणारा माणूस थंडीवर कशाला डोकं शिणवेल? ही पायरी गार देशातली आहे. आणि ती एकट्याच्याच हातात असते, हे साहेबांनी आपल्या तोंडाने सांगितलंय."

साहेबांचं तोंड उतरलं. पायरीच्या बदल्यात कारखान्याने भागीदारी देऊ केली होती, हे त्यांना कबूल करावं लागलं. बाईवर आळ घालून प्रयोगशाळेला टाळं लावलं, की पुढे कुणी शोधत बसणार नव्हतं.

"चला, तुमची नोकरी वाचली," प्रमुख बाईला म्हणाला.

"शोध लागला की नाव तिकडचं, चोरी झाली की नाव आमचं," बाई म्हणाली. "उन्हातल्या डिंकाच्या पेटंटचा अर्ज माझ्या नावाने जाऊ दे. मग येते मी कामावर."

प्रमुखाने सवयीने संचालकांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. मग त्याने कुणालाही न विचारता मुख्य केंद्राला फोन लावला, आणि पहिलं वाक्य बाईच्या नावानेच सुरू केलं.