साक्षीदार हजर

माझी मावशी खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोलली, तेही कोर्टात. मी शेजारीच उभी होते, म्हणून छातीठोकपणे सांगतेय.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार, भरदुपार, छोट्या दाव्यांचं कोर्ट.

काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, तिचं शिलाई मशीन दुरुस्तीला टाकलं आणि आठवड्यात ते वारले. पावती नव्हती. दुकानदाराने सरळ हात वर केले.

"कसलं मशीन? माझ्याकडे कुणी आलंच नाही."

त्या मशीनवरच तिचं घर चालायचं. मावशी त्याच्या पाया पडली, रडली. शेवटी चूल बंद पडायची वेळ आली, तेव्हा तिने दावा लावला.

खिडकीतला कारकून वैतागला. "बाई, साक्षीदार कोण? नसेल तर कशाला चपला झिजवताय?"

मावशी गांगरली आणि तिने काकांचं नाव सांगून टाकलं.

"अगं, काय केलंस हे?" मी कुजबुजले.

"मग कुणाचं सांगू? दुसरं होतंच कोण तिथे?"

तारखेला पट्टेवाल्याने व्हरांड्यात जाऊन काकांचं नाव पुकारलं. तीनदा पुकारतात.

एकदा...

दोनदा...

दुकानदार मिशीत हसत होता. मावशीची नखं माझ्या हातात रुतली.

तिसऱ्यांदा पुकारलं आणि जिन्यात पाऊल वाजलं.

टप... सर्र... टप... सर्र...

काकांचा डावा पाय घासत चालायचा.

दारातून कुणीच आलं नाही. आवाज मात्र आत आला, आमच्या मागून गेला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन थांबला.

न्यायाधीशांची मान कागदात होती. "साक्षीदार हजर?"

पट्टेवाला दोन पावलं मागे सरकला. दुकानदार पिंजऱ्याकडे बघत पांढराफटक पडला होता.

"देतो," तो म्हणाला. "मशीन माळ्यावर आहे, आजच देतो. त्यांना... माझ्याकडे असं बघू नका म्हणावं."

दावा तिथेच मिटला. संध्याकाळी मशीन घरी आलं. मावशी त्याला मिठी मारून रडली.

पण साक्षीदाराला कोर्टाने "जा" म्हणावं लागतं. तोवर त्याने जागचं हलायचं नसतं. त्या गडबडीत ते म्हणायचं राहून गेलं.

आता मावशी दर मंगळवारी कोर्टात जाते. कारकुनाच्या विनवण्या करते. "साहेबांना सांगा ना, त्यांना सोडा म्हणावं. पाय दुखतो हो त्यांचा."

"बाई, तो दावा निकाली निघाला. आता काही होत नाही."

परवा मीही गेले होते. कोर्ट उठलं होतं, खोली रिकामी होती. आम्ही दारात उभ्या राहिलो.

पिंजऱ्यातून आवाज आला...

सर्र.

उभं राहून दमलेला माणूस पाय बदलतो ना, तसा.

मावशीने व्हरांड्यातलं स्टूल उचललं आणि पिंजऱ्यात नेऊन ठेवलं. "बसा थोडं," ती हळूच म्हणाली.

आम्ही वाट बघत राहिलो.

सर्र...

स्टुलावर कुणी बसलं नाही. कोर्टाने सांगितल्याशिवाय बसायचंही नसतं.