गिअरबॉक्स कुणी धरला होता?

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. गाडीखाली मी स्वतः होतो.

गाबेस, ट्युनिशिया. रमजानचा सव्विसावा दिवस. रोजा सुटायला तासभर होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

तय्यब माझा थोरला भाऊ. गॅरेज आम्हा दोघांचं. आठ महिन्यांपूर्वी तो याच गाडीखाली गेला. जुनी, सात सीटांची टॅक्सी. गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर टेकतो, ते फाटलं होतं. घरच्या अंगणातच तो ते काढायला बसला. मला फोन केला, 'हादी, गिअरबॉक्स धरायला ये' म्हणाला.

मी गेलो नाही. आदल्या आठवड्यात तो गिऱ्हाइकांसमोर माझ्या वेल्डिंगला हसला होता.

"तुझे हात आहेत ना मजबूत? धर की मग," म्हणालो आणि फोन ठेवला.

गाडीचा जॅक सरकला. संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं.

गाडी तशीच अंगणात पडून राहिली. शेवटी वहिनीने, मबरूकाने, निरोप धाडला. गाडी विकायचीय, तेवढी नीट करून द्या.

मूळ माउंटिंग आता मिळत नाही. दुसऱ्या गाडीचं आणलं, तर भोकं जुळेनात. त्याची पट्टी कापली, नवी वेल्ड केली, भोकं कानशीने लांबवली. मग गाडी लोखंडी स्टँडवर घेतली. गिअरबॉक्सखाली जॅक लावला आणि आडवा झालो.

बोल्ट काढले. जुनं माउंटिंग छातीवर पडलं.

तेव्हा लक्षात आलं...

जॅक केव्हाच खाली बसला होता. त्याचं तेल गळत होतं. जॅक आणि गिअरबॉक्समधून सहज हात गेला असता.

गिअरबॉक्स मात्र जागच्या जागी. अधांतरी.

स्वयंपाकघरातून तळणाचा आवाज येत होता. तोही थांबला.

आणि मग... अगदी कानाशी...

जड ओझं पेलताना घेतो, तसा श्वास.

पळावंसं वाटलं, पण हात काम करत राहिले. नवं माउंटिंग वर धरलं. भोक बोटभर चुकत होतं.

गिअरबॉक्स... हळूच डावीकडे सरकला.

बोल्ट बसले. शेवटचा आवळला, तसं सगळं वजन नव्या पट्टीवर उतरलं.

कानाशी येणारा श्वास थांबला.

बाहेर आलो तर मबरूका दारात उभी. हातात तेलाचा झारा.

"कुणाशी बोलत होतात, भावजी?"

कुणाशीच नाही, म्हणालो. ते खरंच होतं.

"मी ऐकलं ना. 'हादी, मी धरलंय, तू बोल्ट लाव.' आवाज त्यांचाच होता."

मला फक्त श्वास ऐकू आला होता.

तिने गाडीकडे पाहिलं. डोळे कोरडे.

"आठ महिने मी रोज कान लावून पडते. मला एक शब्द नाही. आणि आले ते तुमच्यासाठी."

तिने दार लावून घेतलं. मगरिबची बांग झाली. मी अंगणातल्या नळाचं पाणी पिऊन रोजा सोडला.

गाडी आता स्फाक्सच्या रस्त्यावर धावते. गिअर टाकताना धक्का बसत नाही म्हणे. ईदला मिठाई घेऊन गेलो, मबरूकाने दार उघडलं नाही.

तय्यब मला शिव्या घालायला आला असता, तर निदान झोप तरी लागली असती.