दुसरी सीडी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझी हरकत नाही. ती माझ्या मामांच्या बाबतीत घडली. मामा गप्पिष्ट आहेत, पण थापाडे नाहीत. माझ्या माहितीत ते आयुष्यात दोनदाच खोटं बोलले, आणि दोन्ही वेळा एकाच संध्याकाळी.

साल २००६. मार्च महिना. रविवार, दुपारचे दोन. ठिकाण, भिवंडीजवळचं दापोडे.

रात्र नव्हती. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा लोडशेडिंगच्या दुपारी रिकाम्या घरात एकटं बसून बघावं.

मामांचं नाव केसरीनाथ. बापजाद्यांची शेती गोदामांना भाड्याने गेली आणि मामांना आयता वेळ मिळाला. लोक अशा वेळी पत्ते कुटतात. मामांना जुन्या इंग्रजी सिनेमांचं वेड लागलं. काळे-पांढरे, हॅटवाले, सारखं व्हायोलिन वाजणारे. फोर्टच्या फुटपाथवरून ते पिशवी भरून सीडी आणायचे. इंग्रजी त्यांना अर्धंमुर्धंच कळायचं, पण अडत नसे, कारण रवींद्र होता.

रवींद्र राहायचा जवळच्या शेलार गावात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. इंग्रजी पक्कं. मामांच्या शेजारी बसून तो प्रत्येक वाक्य हळू आवाजात मराठीत सांगायचा. "केसरी, ती म्हणतेय, मी तुझी वाट बघणार नाही." "केसरी, तो खोटं बोलतोय, हात बघ त्याचे." तिसरे होते सावळाराम मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक. दर रविवारी मामांच्या ओट्यावर तिघांची बैठक जमायची आणि ते एकमेकांना सिनेमे सुचवायचे.

सुचवायची पद्धतही त्यांचीच. सिनेमाचं नाव आधी सांगायचं नाही. गोष्ट सुरू करायची, ऐकणारा पुढे सरकून बसला की थांबायचं आणि चहा प्यायचा. "पुढं?" असं त्याने विचारलं, तर सिनेमा लागू पडला.

तेव्हा एक सिनेमा दोन सीडींवर यायचा. मामांनी नियम काढला होता. सुचवणाऱ्याने पहिलीच सीडी द्यायची. दुसरी स्वतःकडे ठेवायची. बघणाऱ्याने परत यायचं, शेवट काय असेल ते ओळखायचं, मगच दुसरी मिळणार. लोक सिनेमा बघून मुकाट्याने परत करतात याचा मामांना राग होता. त्यांना बघणाऱ्याचा चेहरा बघायचा असायचा. आपण सुचवलेल्या सिनेमाने दुसऱ्याची झोप उडाली, यासारखं सुख नाही म्हणायचे.

डिसेंबरात मामांनी रवींद्रला एक कोर्टाचा सिनेमा दिला. एका माणसाला फोन येतो, तो घराबाहेर पडतो आणि मारला जातो. खटला उभा राहतो. साक्षीदार पिंजऱ्यात येतो. वकील त्याच्याजवळ जाऊन विचारतो, "त्या संध्याकाळी फोन कोणी केला होता?"

तिथेच पहिली सीडी संपते.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मामांनी रवींद्रच्या घरी फोन लावला. त्यांना राहवत नव्हतं.

"बघितली?"

"बघितली. डोकं खाल्लंय तिनं माझं," रवींद्र हसला. "पण आज डबल ड्युटी झाली रे. रविवारी येतो."

"दुसरी सीडी रविवारी न्हाय मिलायची. मास्तरनं मागितलीय, उद्याच नेनार हाय. आज येशील त ये."

मास्तरांनी काही मागितलं नव्हतं. हे पहिलं खोटं.

"बरं केसरी, येतो आजच."

दापोड्याच्या रस्त्यावर गोदामाच्या गेटातून एक कंटेनर उलटा बाहेर येत होता. मागचे दिवे बंद. रवींद्रची स्कूटर त्याच्याखाली गेली, मामांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. आरडाओरडा ऐकून मामा धावले, तेव्हा सगळं संपलं होतं.

रवींद्रची आई हौसाबाई आणि बायको संघरत्ना रिक्षाने आल्या. म्हातारीने मामांचा हात धरला.

"तुज्याकडं येत हुता काय रं माजा पोर?"

आजूबाजूला पन्नास माणसं. पोलीस वही काढून उभा.

"न्हाय," मामा म्हणाले. "मना ठावं न्हाय."

हे दुसरं.

संघरत्नाचा भाऊ दापोड्यातच एका गोदामात कामाला होता. त्याच्याकडे एक जुनी शिलाई मशीन पडून होती. ती घेऊन या, घरबसल्या साडीला फॉल लावीन, असं संघरत्ना आठवडाभर नवऱ्याच्या मागे लागली होती. झालं, सगळ्यांनी धरलं की रवींद्र मशीनसाठीच निघाला होता. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला मामा रवींद्रच्या घरी कोपऱ्यात बसले होते. सगळ्यांदेखत हौसाबाई सुनेला म्हणाली, "तुज्या मशिनीनं खाल्लं माज्या पोराला."

संघरत्ना खाली मान घालून बसली. तिने एकदाच वर बघितलं. मामांकडे.

मामा चप्पल घालून बाहेर पडले.

त्यानंतर ओट्यावरची बैठक मोडली. मास्तर दोनदा आले. मामा बाहेर आलेच नाहीत.

मग मार्चातला पहिला रविवार आला. मामी मुलांना घेऊन अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेली होती. घरात मामा एकटे. मागच्या गल्लीत कापड विणायच्या लूमचा कारखाना, त्याची खडखड दिवसभर चालू. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही इतका सवयीचा.

दोन वाजता लाइट गेली. लूम थांबले. पंखा गरगरत बंद पडला.

आणि गल्लीत... स्कूटर आली.

इंजिन बंद झालं. मग स्टँडवर चढवल्याचा खणकन आवाज. रवींद्रची स्कूटर जड होती, तो एक पाय देऊन ती दोन झटक्यांत चढवायचा. पहिला झटका... दुसरा.

मामा दारात गेले.

ओटा रिकामा. गल्ली रिकामी. उन्हात एक कुत्रंसुद्धा नाही.

ते आत वळले. आणि टीव्हीतून... आवाज आला.

पडदा काळा होता. घरात लाइट नव्हती. मामांनी जाऊन वायर बघितली, प्लग भिंतीतून काढलेला होता. तरी आतून तो वकील बोलत होता. तेच इंग्रजी वाक्य. सावकाश.

मग शांतता.

मग मामांच्या डाव्या कानाशी, जिथे तो नेहमी बसायचा तिथून... हळू आवाजात...

"केसरी, तो विचारतोय, फोन कोणी केला होता?"

मामा भिंतीला टेकून खाली बसले. किती वेळ ते त्यांना आठवत नाही. लाइट आली, लूम सुरू झाले, तेव्हा ते उठले आणि कपाट उघडलं. सिनेमाचं कव्हर जागेवर होतं. उघडलं तर...

आत दुसरी सीडी नव्हती.

त्या कपाटाची किल्ली मामांच्या कमरेला असते.

तेव्हाच शेलारला जायला हवं होतं, हे मामा आज स्वतः म्हणतात. गेले नाहीत. उन्हामुळे झालं असेल, मनाचे खेळ असतील, काय काय समजूत घातली. दुसऱ्या रविवारी ते मुद्दाम नातेवाइकांकडे जाऊन बसले. तिथे दोन वाजता लाइट गेली आणि तिथल्या टीव्हीतून तोच प्रश्न. बाकीचे घोरत पडले होते. कोणालाच ऐकू गेलं नाही. तिसऱ्या रविवारीही तेच. फक्त मराठीत सांगणारा आवाज दर वेळी थोडा थकलेला वाटायचा. रागावला असता तरी चाललं असतं, मामा म्हणतात. तो रागावला नाही. तो विचारत राहिला, समजावून सांगितल्यासारखं.

चौथ्या रविवारी दोन वाजायच्या आत मामांनी रिक्षा केली आणि शेलार गाठलं.

संघरत्ना दारातच तांदूळ निवडत बसली होती. मामा बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं. फोन, मास्तरांच्या नावावर मारलेली थाप, सगळं. "तो मशिनीसाठी न्हाय आला. माज्यासाठी आला. मीच बोलावला त्याला. चूक माजी हाय, तुजी न्हाय."

संघरत्ना तांदूळ निवडतच राहिली.

"मला माहीत आहे, केसरीभाऊ."



"फोन आला तेव्हा मी आत पाणी भरत होते. 'बरं केसरी, येतो आजच,' असं हे म्हणाले ते ऐकलं मी."

"मंग बोलली का न्हायस?"

"बोलले की. त्याच रात्री आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, स्वतःचं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालतेस. केसरीनं येऊन सांगितलं तर मानीन." तिने सूप खाली ठेवलं. "तुम्ही त्यांच्या तोंडावर ठावं न्हाय म्हणाला होतात. मी कुठल्या तोंडानं तुमच्याकडे यायचं? वाट बघितली."

"म्हातारी कुठं हाय? तिला बोलाव. तिच्यासमोर सांगतो मी."

"आई गेल्या. परवाच्या मंगळवारी."

मामांनी वाकून आत बघितलं.

"दहा-बारा दिवस अंथरुणावर होत्या," संघरत्ना सांगत होती. आवाज सपाट. "माझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या. माझी पोर निशा शाळेतून येईपर्यंत तहानलेल्या राहायच्या. मंगळवारी निशा यायच्या आधीच... मी तांब्या घेऊन उशाशी उभी होते. त्यांनी तोंड फिरवलं."

पहिल्या रविवारी मामा उठून आले असते, तर म्हातारी हिंडतीफिरती होती. दुसऱ्या रविवारी आले असते तरी चाललं असतं. तिसऱ्या रविवारीसुद्धा तिच्या कानात सांगता आलं असतं. मामांनी हा हिशेब तिथेच उभ्याउभ्या केला आणि आजही करतात.

संघरत्ना आत गेली आणि एक कव्हर घेऊन आली. "तुमची वस्तू घेऊन जा. मला घरात नको."

मामांनी रिक्षात कव्हर उघडलं. पहिली सीडी होती.

तिच्याखाली... दुसरी.

ती तिथे कशी पोचली, मामांना विचारू नका, मलाही विचारू नका. मामांनी तो सिनेमा पुन्हा कधी लावला नाही. कोणाला कुठलाच सिनेमा सुचवला नाही. पिशवीभर सीडी मास्तरांना देऊन टाकल्या.

त्यानंतर तो प्रश्न आला नाही. स्कूटरही आली नाही. रवींद्र गेला, कायमचा. तुम्ही म्हणाल, मग सुटले मामा.

मीही तेच म्हणालो होतो. मामा मान हलवत राहिले.

"आता तो न्हाय येत, भाविक. आता रविवारी लाइट गेली का ओट्यावर कोनतरी येऊन बसतं. धापा टाकतं. आनि पानी मागतं."

म्हणून मामा दर रविवारी दीड वाजता तांब्या भरून ओट्यावर ठेवतात. वर फुलपात्र पालथं. संध्याकाळी बघतात तर तांब्या भरलेलाच. मग ते पाणी तुळशीलाही घालत नाहीत, लांब जाऊन ओतून येतात.

पुढच्या वर्षी एका रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे थांबलो. मामांचा भ्रम घालवायचा, एवढाच विचार. लाइट गेली. लूम थांबले. आम्ही दोघे दाराच्या आत बसलो होतो. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

मामांनी माझा दंड पकडला. "आयकलंस?"

"नाही मामा," मी म्हणालो. "काहीसुद्धा नाही. तुम्हाला भास होतात. डॉक्टरकडे जाऊ आपण."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली. आजही त्यांना वाटतं, तो आवाज त्यांना एकट्यालाच येतो.

मी ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं.